जुनं पूस, नवं आण

श्रीगोंदा
२६ जुलै १९९७

प्रिय माधुरी,

सप्रेम जय भीम.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले हे तुला कळवायचं राहूनच गेलं, कारण ते आले त्या दिवसापासून मी नुसती पळते आहे. दहा आहेत! साखर कारखान्याने भेट दिले. टेम्पो फाटकातून आत आला तेव्हा आठवीचा अख्खा वर्ग खिडकीतून असा लोंबला होता की मला कॉम्प्युटरपेक्षा खिडकीची काळजी वाटली. आमच्या शिपाई लंकाबाई प्रत्येक खोक्याला हळदकुंकू लावत सुटल्या. मी म्हटलं, "लंकाबाई, फक्त खोक्याला हं, आत नको." तर म्हणाल्या, "मला काय येडी समजली का बाई?"

संगमनेरला पॉलिटेक्निकमध्ये आपण चौघी मिळून एका मशीनसमोर बसायचो आणि तू कोपराने सगळ्यांना बाजूला सारायचीस. इथे एका मशीनला चारच पोरं येतात. म्हणजे आपल्याइतकीच, पण दहा ठिकाणी. मला स्वर्ग हाती आल्यासारखं झालं होतं.

झालं होतं, कारण महिन्याच्या आत निम्मी मशीन आडवी झाली. पोरं वाईट नाहीत गं, ती फक्त हात लावतात. एकाने विंडोजचं अख्खं फोल्डर पुसलं. का, तर "त्यात काही मजा नव्हती बाई." दुसऱ्याने मामेभावाकडून गेमची फ्लॉपी आणली, तिच्यातून व्हायरस आला. नगरहून दुरुस्तीचा माणूस येतो, एका मशीनवर विंडोज पुन्हा घालायला त्याचा दिवस जातो, आणि तो चहा पिऊन निघेपर्यंत शेजारचं मशीन पडलेलं असतं.

शेवटी आमच्या मुख्याध्यापकांनी, लगड सरांनी, खोलीला कुलूप घातलं. म्हणाले, "ससाणे मॅडम, पोरांना लांबून दाखवा. वस्तू टिकली पाहिजे." आता माझी पोरं वहीच्या मागच्या पानावर कीबोर्ड काढतात आणि त्यावर बोटं चालवतात. मला ते बघवत नाही.

तू पुण्यात रोज हीच कामं करतेस. मला एवढंच सांग, मशीन बिघडलं तर कोणाला न बोलावता, दिवस न घालवता, ते आपलं आपण पुन्हा नवं होईल असं काही करता येतं का?

तुझी,
प्रज्ञा

———

पुणे
४ ऑगस्ट १९९७

प्रिय प्रज्ञा,

तुझा प्रश्न वाचला आणि मी खुर्चीत ताठ बसले. बाई, हा प्रश्न इथे कोणी विचारतच नाही! इथे मशीन बिघडलं की माणूस जातो, पहिल्यापासून सगळं घालतो, बिल फाडतो. मशीन आपलं आपण बरं झालं तर आमच्या कंपनीने खायचं काय?

आता ऐक. हार्ड डिस्कचे दोन भाग करता येतात. एक सी, एक डी. सीमध्ये विंडोज आणि पोरांना लागणारं सगळं व्यवस्थित घाल. मग त्या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल डीमध्ये ठेव आणि डी पोरांच्या नजरेआड कर. मग एक फ्लॉपी बनव, मशीन जिच्यावरून सुरू होईल अशी. तिच्यात एक छोटी फाईल, आणि फाईलमध्ये एकाखाली एक आज्ञा: जुनं पूस, नवं आण, परत सुरू हो. मशीन त्या ओळी वाचत जाईल आणि तसं करत जाईल. कोणी समोर बसायलाच नको. आज्ञा मी पाठपोट लिहून सोबत जोडल्या आहेत. स्वल्पविरामसुद्धा चुकवू नकोस.

आधी एकाच मशीनवर करून बघ. ते बिघडलं तरी तुझ्या लगड सरांना कळणार नाही असं मशीन निवड.

पुणतांब्याला गेले होते. आईने विचारलं, "कंपनीत काय करतीस गं दिवसभर?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." ती म्हणाली, "ते कळलं, पण काय?" मी चहा प्यायले.

तुझी,
माधुरी

———

श्रीगोंदा
२० ऑगस्ट १९९७

प्रिय माधे,

सप्रेम जय भीम.

चाललं! आणि मग नाही चाललं!

मी दहा नंबरचं मशीन निवडलं, भिंतीकडचं. मधल्या सुट्टीत फ्लॉपी घातली, बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. माझा हात न लागता पडद्यावर ओळी धावत होत्या. लंकाबाई दारात डबा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्ये कोन करतंय?" मी म्हटलं, "कोणी नाही." त्या दोन पावलं मागे सरकल्या.

एकदा मध्येच वीज गेली. आली तशी पुन्हा तीच फ्लॉपी घातली, पुन्हा पहिल्यापासून पळायला लागलं. मी खूश! पण सगळं होऊन मशीन सुरू झालं तर विंडोज उठेचना. आत बघते तर सगळ्या फाईली आल्या आहेत, पण लांब नावं तुटली आहेत. पहिली सहा अक्षरं, मग एक वेडीवाकडी रेघ आणि एक आकडा. घरात सगळी माणसं परत आली पण कोणी कोणाला ओळखेना, असं झालंय बघ. विंडोज ज्या नावाने हाक मारतं त्या नावाचं घरात कोणीच नाही.

तीनदा केलं, तीनदा तेच. काय चुकतंय? तुमच्या कंपनीत तुम्ही नावं कशी टिकवता? तू कामात असशील हे कळतं मला, पण लवकर लिही. पोरांनी आता पुठ्ठ्याचा माऊस केलाय.

तुझी,
प्रज्ञा

———

पुणे
१५ सप्टेंबर १९९७

प्रिय प्रज्ञा,

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं.

तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं. फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की ते जुन्या पद्धतीने वागतं आणि त्या पद्धतीला आठ अक्षरांहून लांब नाव ठाऊकच नाही. म्हणून एकेक फाईल नावाने उचलून ठेवायचीच नाही. अख्ख्या सीचं एकदम चित्र काढायचं, चुना, भिंती, भांडी, माणसं, सगळ्यासकट. चित्र काढणाऱ्याला नावं वाचावीच लागत नाहीत, तो नुसतं जसं आहे तसं उतरवतो. ते चित्र म्हणजे डीमधली एकच मोठी फाईल. बिघडलं की चित्र परत सीवर पसरायचं.

हे करणारा प्रोग्राम एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत फुकट सापडला. मी तीन मोडक्या मशीनवर चालवून बघितला आणि मगच पाठवते आहे. फ्लॉपी पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून रजिस्टर पोस्टाने येईल. पोस्टमनने तिच्यावर शिक्का मारला नसला म्हणजे मिळवली.

पहिलं मशीन मनासारखं झालं की त्याची डिस्क काढ, उरलेल्या मशीनना एकेक करून जोड, आणि तेच चित्र सगळ्यांत उतरव. म्हणजे दहा मशीन दहा वेळा भरायला नकोत. फ्लॉपीतली फाईल मी अशी लिहिली आहे की ती एकही प्रश्न विचारत नाही. "खात्री आहे का?" नाही, "हो की नाही?" नाही. घातली की काम सुरू. आवडलं ना?

तुझी,
माधुरी

———

श्रीगोंदा
१२ ऑक्टोबर १९९७

माधे, माधे, माधे!

सप्रेम जय भीम, आणि बस आता, ऐक.

दोन रविवार मी आणि लंकाबाईंनी त्या खोलीत काढले. मी डिस्का काढत होते, जोडत होते, त्या स्क्रू वाटीत जपत होत्या. दहाही मशीन एकसारखी झाली, जुळी नव्हे, दहाळी म्हण. मग परवा मी लगड सरांना बोलावलं. त्यांच्यामागे नववीचा वर्ग, खोलीत मावेल तेवढा.

मी म्हटलं, "सर, आज हे मशीन मोडायचंय."

"मोडायचंय?"

"हो. रुपाली, ये गं पुढे."

रुपाली म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात जपून वागणारी मुलगी, पट्टी घेतल्याशिवाय समासही आखत नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली. "काय पुसू बाई?"

"तुला वाटेल ते."

तिने आधी एक फाईल पुसली आणि माझ्याकडे बघितलं. मग आणखी एक. मग जी सुटली! मागून पोरं ओरडत होती, "ते पण! ते पण!" शेवटी पडदा काळा झाला आणि वर इंग्रजीत एक ओळ उरली की काही सापडत नाही. सर म्हणाले, "झालं. आता नगरच्या माणसाला निरोप द्या."

मी म्हटलं, "लंकाबाई, तुम्ही घाला."

त्यांनी पदराला हात पुसले, फ्लॉपी घातली, बटण दाबलं. ओळी पळायला लागल्या. मी सरांना बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मी देवाधर्माची नाही पण मुठी आवळून उभी. आणि तास संपायच्या आत पडदा निळा झाला, ढग आले, सगळी चित्रं आपापल्या जागी! पोरांनी जो गोंगाट केला तो बाजारतळापर्यंत ऐकू गेला असेल.

सर म्हणाले, "पुन्हा करा."

रुपालीने पुन्हा मोडलं. लंकाबाईंनी पुन्हा जोडलं. सरांनी एक बोट कीबोर्डकडे नेलं, आणि मग हात मागे घेऊन पाठीशी बांधला. जाताना किल्ली टेबलावर ठेवली. "ठीक आहे. शिकवा."

ही किल्ली अर्धी तुझी आहे. सगळ्यांना सांगते, माझी मैत्रीण पुण्यात मोठी इंजिनीअर आहे, तिने केलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दहाही मशीनना ताजी फ्लॉपी देणार आणि नव्या सत्राची सुरुवात कोऱ्या पाटीने करणार!

तुझी,
प्रज्ञा

———

पुणे
१३ नोव्हेंबर १९९७

प्रिय प्रज्ञा,

तुझं पत्र मी दिवाळीला पुणतांब्याला घेऊन गेले आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. रुपालीपाशी आल्यावर आई म्हणाली, "आन् ती लंकाबाई किती धीराची!" तुझ्या लंकाबाई आमच्या घरी माझ्यापेक्षा लाडक्या झाल्या.

दोन गोष्टी. एक, मला इंजिनीअर वगैरे म्हणत जाऊ नकोस. आणि कंपनीत फोनही करू नकोस, साहेबांना कोणाचे खासगी फोन आलेले चालत नाहीत. पत्रच बरं.

दुसरी महत्त्वाची. बसमध्ये येताना सुचलं आणि तेव्हापासून मनात टोचतं आहे. आपली फ्लॉपी काहीच विचारत नाही. म्हणजे सीमध्ये कोणी स्वतःचं काही ठेवलं असेल तर तेही जाईल. पोरांचं जाऊ दे, पण शाळेतल्या आणखी कोणी त्या मशीनवर काही काम तर केलेलं नाही ना? फ्लॉपी घालण्याआधी एकदा सगळ्यांना विचार.

तुझी,
माधुरी

———

श्रीगोंदा
२० नोव्हेंबर १९९७

प्रिय माधुरी,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. फ्लॉप्या सकाळी घालून झाल्या होत्या.

त्या सकाळी मी इतकी आनंदात होते. बाहेर प्रार्थना चालू होती, आत मी आणि लंकाबाई एकेक मशीन सुरू करत चाललो होतो, ओळीने पडदे निळे होत होते. पोरं वर्गात शिरली तेव्हा दहाही तयार. पहिला तास असा झाला की काय सांगू. आणि मग आमचे कारकून, भिमाजी, दारात आले.

"बाई, चार नंबरमधलं आमचं कुठं गेलं?"

"तुमचं काय?"

"स्मरणिका हो! सुट्टीभर म्या अन् सरांनी बसून टाईप केली न्हाई का!"

शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात समारंभ आहे. त्याची स्मरणिका. जुन्या विद्यार्थ्यांचे लेख आले होते, ते भिमाजींनी सुट्टीत ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडून, रोज येऊन, मराठी अक्षरं शोधून शोधून टाईप केले. छापखान्याला देण्याइतकं सगळं तयार होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

लेखांचे कागद भिमाजींच्या पिशवीत आहेत, ते पुन्हा करता येतील. पण एक लेख कागदावर नव्हता. लगड सरांचा. माधे, हे मला आत्ता कळतंय, सर सुट्टीत रोज तिथे येऊन एका बोटाने टाईप करायला शिकत होते. पोरांसमोर बोट अडखळेल म्हणून सुट्टीत. आपला लेख त्यांनी लिहिलाच नाही, थेट मशीनवर केला. शाळेचं पहिलं वर्ष, बहात्तरचा दुष्काळ. भिमाजी म्हणाले, "येक येक ओळ करायला सरांना दुपार लागायची. पन लई खूश हुते."

मी जाऊन सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "खोलीला कुलूप लावा."

मी धावत चौकातल्या एसटीडी बूथवर गेले आणि तू नको म्हटलेलं असतानाही तुझ्या कंपनीत फोन केला. म्हटलं, दुरुस्ती विभागातल्या माधुरी धनवटे हव्यात, फार तातडीचं आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, "धनवटे दुरुस्तीला नसतात. त्या काउंटरवर बिलं करतात. दुसऱ्या कोणाला देऊ का?"

मी फोन ठेवला.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. मला काही कळतच नाहीये, एवढंच. ते परत आणता येईल का माधे? आणि तू मला का नाही सांगितलंस?

प्रज्ञा

———

पुणे
२४ नोव्हेंबर १९९७

प्रिय प्रज्ञा,

हो. बिलंच करते. नोकरीला लागले तेव्हा साहेब म्हणाले, मुलगी गिऱ्हाइकाच्या दारात पेचकस घेऊन गेली तर बरं दिसत नाही, तुम्ही काउंटर सांभाळा. तेव्हापासून तिथेच आहे. तू पहिल्या पत्रात लिहिलंस, "तू रोज हीच कामं करतेस," आणि मला ते इतकं आवडलं की मी खोडून काढलं नाही.

पण एक लक्षात ठेव. तुला लिहिलेलं पहिलं सोडलं तर बाकी सगळं मी आधी हाताने करून बघितलं आहे. मागच्या खोलीत मोडक्या मशीनचा ढीग आहे. जेवणाच्या सुट्टीत मुलं बाहेर गेली की मी डबा मांडीवर घेऊन तिथे बसते. तुझा प्रश्न यायचा आणि माझा आठवडा उजळायचा. गेल्या चार महिन्यांत मी जेवढी शिकले तेवढी अख्ख्या पॉलिटेक्निकमध्ये शिकले नाही. तुझ्यामुळे.

आता कामाचं. चार नंबरचं मशीन बंद कर. सुरूसुद्धा करू नकोस. त्यावर चित्र पसरलं आहे, त्यामुळे फार आशा देत नाही. पण चित्र डिस्कच्या सगळ्या कोपऱ्यांत पोचत नाही. काही उरलं असेल तर शोधता येईल.

रविवारी सकाळच्या एसटीने येते आहे. लगड सरांना सांग, पुण्याहून बिलं करणारी बाई येतेय.

तुझीच,
माधुरी

———

श्रीगोंदा
९ डिसेंबर १९९७

प्रिय माधे,

सप्रेम जय भीम.

तू त्या रविवारी संध्याकाळी गेलीस तेव्हा तुझा चेहरा बघून मला वाटलं, तू आता पत्रच लिहिणार नाहीस. दिवसभर तू त्या डिस्कचा कोपरान् कोपरा धुंडाळलास आणि हाती आली ती कुठल्याशा लेखाची अर्धी ओळ. पण जाण्याआधी तू सरांच्या घरी गेलीस आणि सरळ सांगितलंस, "सर, ते परत येणार नाही. मी खोटं सांगणार नाही." ते मला जन्मभर पुरेल. तू गेल्यावर सर मला म्हणाले, "या बाई काउंटरवर बसतात? कोण बसवतं यांना तिथे?"

आणि त्यानंतर जे झालं ते तू बघायला हवं होतंस!

सोमवारी रुपाली आणि तिच्या वर्गातल्या पोरी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, पिशवीतले कागद आम्हाला द्या. आम्ही टाईप करतो." मी म्हटलं, खोली बंद आहे, सरांना विचारा. मला वाटलं जाणार नाहीत. त्या सगळ्या ओळीने ऑफिसात शिरल्या. मी दाराबाहेर.

सर म्हणाले, "तुम्हाला मराठी टाईप येतं?"

"न्हाई सर," एक पोरगी म्हणाली, "पण दहा मशीन हायेत. आमी वाटून घेऊ."

"आणि पुन्हा गेलं तर?"

रुपाली म्हणाली, "आता नाही जाणार सर. त्या पुण्याच्या बाईंनी फ्लॉपी बदललीय. आता ती आधी विचारती."

खरंच आहे. तू जाताना घातलेली ती एक ओळ! आता फ्लॉपी घातली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतं, जपून ठेवलं का, आणि हो म्हटल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. शिवाय तू उघडी करून दिलेल्या डीमध्ये पोरींनी "आमचं" नावाचा कप्पा केलाय. ठेवायचं ते तिथे, फ्लॉपी तिथे फिरकतच नाही.

सरांनी किल्ली दिली. माझ्याकडे नाही, रुपालीकडे.

मग काय विचारतेस! दहा मशीनवर पोरी, मध्ये भिमाजी कागद हातात घेऊन मास्तरासारखे फिरतायत. "जोडाक्षर सापडंना? अगं, ते खाली हाय बघ, कोपऱ्यात!" सुरुवातीला एका ओळीला युगं लागत होती. मग बोटं बसली. वहीच्या पानावर शिकलेली बोटं गं ती, भराभर बसली. लंकाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या, चपला काढून मगच आत आल्या.

तिसऱ्या दिवशी शेवटचा लेख संपत आला तेव्हा सर आले. मागे उभे राहिले. रुपाली उठली आणि म्हणाली, "सर, तुमचं राहिलंय."

"माझं कागदावर नाही बाळ."

"मग सांगा की. आम्ही टाईप करतो."

सरांनी इकडेतिकडे बघितलं. मी खुर्ची सरकवली. या वेळी ते बसले.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. बहात्तरचं साल, विहिरी आटलेल्या, सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. नव्या शाळेला खोली नव्हती आणि पोरंही नव्हती, कारण पोरं आईबापाबरोबर खडी फोडत होती. सर तेव्हा कोवळे, नुकते नोकरीला लागलेले. ते फळा डोक्यावर घेऊन कामावरच जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली वर्ग घ्यायचे. पोरांच्या मागे दगडाबाई नावाची एक बाई येऊन बसायची, हातोडा मांडीवर. म्हणायची, "मास्तर, मला बाकीचं नको. मला निस्तं माझं नाव शिकवा." पावसाळा तोंडावर आला तोवर ती शिकली. मग रोज ती जेवढी खडी फोडायची तिच्यातल्या मोठ्या तुकड्यांवर कोळशाने आपलं नाव लिहून ठेवायची. मुकादमाला वाचता येत नव्हतं, त्याला वाटलं सरकारी मापाची खूण आहे. ती सगळी खडी रस्त्यात गेली.

सर म्हणाले, "त्या रस्त्याने मी रोज शाळेत येतो. आतापर्यंत तीनदा डांबर पडलं त्याच्यावर. पण खाली दगडाबाई आहे."

माधे, कोणाचीच बोटं चालत नव्हती. भिमाजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. रुपालीच तेवढी टाईप करत राहिली होती. ती म्हणाली, "सर, थोडं थांबा. 'मला निस्तं माझं' इथपर्यंत झालं. पुढे?"

सर पुढे वाकले. म्हणाले, "सरक थोडी. हे मी करतो."

आणि सगळ्या पोरींसमोर त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत ते वाक्य पुरं केलं. बोट अडखळलं. कोणी हसलं नाही, उलट दहा जणी एकदम ओरडल्या, "वर सर, वर! डावीकडं!" सर हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना शाळेत हसताना बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, "भिमाजी, मागच्या वेळी यात मुकादम आलाच नव्हता. आपण विसरलोच होतो. हा लेख जास्त चांगला झाला."

स्मरणिका परवा छापखान्यात गेली. खोली उघडी आहे. समारंभाला तू यायचंच, सरांनी स्वतः तुझ्या साहेबांना पत्र घातलं आहे. काय लिहिलं ते मला दाखवत नाहीत.

तुझी,
प्रज्ञा

———

संगमनेर
१९ जानेवारी १९९८

प्रिय प्रज्ञा,

वरचं गाव नीट वाच. पुणे नाही, संगमनेर! आणि सुट्टीवर नाही, कामावर!

समारंभाहून परतले तर साहेबांच्या टेबलावर लगड सरांचं पत्र उघडं पडलेलं. साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "धनवटे, हे मशीन आपलं आपण बरं होण्याचं काय प्रकरण आहे?" मी म्हटलं, "दाखवते." मागच्या खोलीतलं एक मशीन आणलं, सगळ्या मुलांसमोर मोडलं आणि फ्लॉपी घातली. मशीन उठलं तसा एक मुलगा म्हणाला, "मग आम्ही कशाला फिरतो गावोगाव?" साहेब त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी इथल्या एका शाळेची ऑर्डर आली. नव्या मशीनची अख्खी खोली. साहेबांनी हत्यारांची पेटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "जाल का?" मी उत्तर द्यायच्या आधी पेटी उचलली. जड होती. त्यांनी मदतीला हात पुढे केला, मी दिली नाही.

इथे पोचले तर मुख्याध्यापक फाटकाशी उभे. माझ्या मागे बघून म्हणाले, "साहेब कुठे आहेत?"

मी म्हटलं, "मीच आलेय."

त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग बाजूला होऊन रस्ता दिला. सकाळपासून एकच मशीन भरलं. बाकीची त्याच्यावरूनच उतरवते आहे. प्रत्येकात पहिल्या दिवसापासून "आमचं" कप्पा आहे, आणि फ्लॉपी आधी विचारते.

हे पत्र मी खोलीतच बसून लिहिते आहे, कारण या घटकेला मला करण्यासारखं काहीच नाही. ओळी आपल्या आपण पळतायत. पहिल्या रांगेतले पडदे निळे झाले, दुसरी रांग होत आलीय. दाराशी पोरांची गर्दी झालीय, पुढची मागच्यांना कोपराने सारतायत. त्यातली एक लहानखुरी मुलगी मघापासून मला विचारतेय, "बाई, हात लावू का?"

आता शेवटचा पडदाही उजळला. पेन ठेवते गं. पोरांना आत घेते.

तुझी,
माधुरी